टिपणीसकाका आणि पाच मैलांची मर्यादा

परवा बातम्यांत पुन्हा अमेरिकन सरकारच्या कर्जमर्यादेचा विषय निघाला आणि माझा फोन वाजला नाही. आम्ही इथे श्रूजबरीत राहायला आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. संसदेत त्या मर्यादेचं नुसतं नाव कुणी काढलं, तरी पंधरा मिनिटांच्या आत शेजारच्या टिपणीसकाकांचा फोन यायचा. ‘टीव्ही लाव गं. विधेयक नियम समितीत अडकलंय.’ मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये आहे, हे सांगून काही उपयोग नसे. ‘तुझी मीटिंग काय, रोजचीच आहे,’ म्हणत ते नियम समितीत कोण कोण बसतं ते सांगायला लागायचे. मी जाम वैतागायचे. परवा मात्र बातमी संपेपर्यंत फोन हातात धरून बसले होते. काकांना जाऊन दीड वर्ष झालं, पण सवय सुटत नाही.

श्रीधर टिपणीस हे राज्याच्या रस्तेखात्यातून निवृत्त झालेले सिग्नल इंजिनियर. कुठल्या चौकात हिरवा किती सेकंद राहायचा, हे ठरवण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर खात्यानं घड्याळ दिलं, ते त्यांनी कधी घातलं नाही. रस्त्यावर काम करताना घालायचं चमचमत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं आणि सकाळी फिरायला जाताना ते अंगात असायचं. उंच माणूस, त्यात हे जाकीट. समोरून येणाऱ्या गाड्या आपोआप हळू व्हायच्या. पुढे खोदकाम चाललंय असंच लोकांना वाटे.

या माणसाला कर्जमर्यादेचं वेड लागावं याचं मला पहिल्यांदा नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘इथे क्रिकेट नाही. मग माणसानं बघायचं काय? हा सामना दर वेळी शेवटच्या चेंडूपर्यंत जातो आणि दर वेळी सुटतो. पोट दुखेपर्यंत उत्कंठा, आणि तिकीट नाही.’

त्यांची पहिली भेट झाली ती आम्ही घरात शिरलो त्या दिवशी. खोकी फोडलेली नव्हती, बसायला खुर्ची नव्हती. नलूकाकू, म्हणजे त्यांची बायको, शिऱ्याचं पातेलं घेऊन आल्या आणि मागून काका आले. माझा नवरा मंदार नागपूरचा. समोरचा वडीलधारा बोलायला लागला की मान डोलवायची हे त्याच्या रक्तात आहे. तेवढ्यावर काकांनी त्याला धरलं.

‘मला सांगा, मंदारराव. तुम्ही दोघं हॉटेलात गेलात. मेनू बघून, विचार करून, थाळी मागवलीत. जेवलात. ढेकर दिलीत. बिल आलं. आता तुम्ही बायकोला म्हणता, पाकीट उघडायचं की नाही यावर आपण मतदान घेऊ. हे कसं वाटतं?’

‘बरोबर नाही वाटत,’ मंदार शिरा खात म्हणाला.

‘हेच! हीच कर्जमर्यादा. लोक म्हणतात मर्यादा वाढवली की सरकार उधळेल. अहो, उधळायचं ते आधीच मंजूर करून झालंय, याच लोकांनी हात वर करून. मर्यादा आहे ती जुनं देणं चुकवण्यापुरती. नव्या खर्चाशी तिचा संबंध नाही.’

‘अहो, त्यांना खाऊ द्या,’ काकू म्हणाल्या. हे वाक्य त्या लग्नापासून म्हणत असाव्यात, इतकं ते गुळगुळीत झालेलं होतं.

त्यांच्या गॅरेजमध्ये एक पांढरा फळा होता. मर्यादा संपत आली की त्यावर ‘खडखडाटाची तारीख’ लिहिली जायची, म्हणजे सरकारच्या तिजोरीत खडखडाट होईल तो दिवस. शेजारी खजिन्याचे चाललेले खटाटोप लिहिलेले असत: या फंडात आज पैसे टाकायचे थांबवले, त्या फंडाचं पुढे ढकललं. काकूंनी एकदा त्याच फळ्याच्या कोपऱ्यात ‘कोथिंबीर, दही, गटार साफ’ असं लिहिलं होतं. काकांनी ते आठवडाभर पुसलं नाही आणि केलंही नाही. काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘विधेयक समितीकडे आहे.’

पण नुसते बडबडे म्हणून त्यांना कुणी उडवून लावू शकत नसे, कारण त्या संसदेतल्या युक्त्या हा माणूस कुठेही वापरायचा आणि त्या लागूही पडायच्या. आमच्या मंडळाच्या गणपतीत दर पानाला दोनच मोदक, असा नियम होता. त्या वर्षी मोदक चाळीसेक उरले. तिसरा मोदक प्रत्येकालाच हवा होता. पण आमच्या मंडळात निम्म्या लोकांना मधुमेह आणि उरलेल्यांना तो होण्याची भीती, शिवाय जोडीदार शेजारीच बसलेला. चारचौघांत तिसऱ्या मोदकाच्या बाजूनं हात वर करणार कोण? अध्यक्ष हताश होऊन मोदकांकडे बघत होते. काका उठले.

‘यावर संसदेनं तोडगा काढून ठेवलाय,’ ते म्हणाले. ‘मर्यादा अध्यक्षांनी आपल्या अधिकारात वाढवायची. सभासदांना ती पसंत नसेल तर त्यांनी नापसंतीचा ठराव आणायचा. अध्यक्ष तो फेटाळतील. फेटाळलेला ठराव पुन्हा मंजूर करायचा तर दोन-तृतीयांश मतं लागतील. आता बोला, तिसऱ्या मोदकाला कोणाकोणाची नापसंती आहे?’

धडाधड हात वर झाले. डॉक्टर कामतांनी तर दोन्ही हात वर केले आणि बायकोकडे बघितलं. अध्यक्षांनी ठराव फेटाळला. ‘आता दोन-तृतीयांश!’ काका ओरडले. एकही हात वर झाला नाही, कारण तोपर्यंत सगळे मोदकांच्या रांगेत उभे होते. विरोध नोंदवला गेला होता, मोदकही मिळाला. त्या वर्षीइतकं समाधान मी आमच्या मंडळात पुन्हा पाहिलं नाही.

असा हा नियमांचा भोक्ता माणूस एके दिवशी स्वतःच नियमात सापडला. झालं असं, की गाडी मागे घेताना त्यांनी स्वतःच्याच दारातली टपालपेटी आडवी केली. वर ‘पेटी नियमापेक्षा चार इंच पुढे होती’ असा खुलासा केला. पण महिनाभरात ती दुसऱ्यांदा आडवी झाली आणि त्यांचा मुलगा निखिल पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून विमानानं आला. डोळे तपासले, डाव्या डोळ्याला कडेचं कमी दिसतंय असं निघालं. निखिलनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून कागद केला: बाबांनी घरापासून पाच मैलांच्या आत, उजेडात, आणि हायवे सोडून गाडी चालवावी. खाली निखिलची सही, फोनवरून होकार देणाऱ्या रुचाचं, म्हणजे टेक्सासमधल्या मुलीचं नाव, आणि काकांची सही. कागद फ्रिजवर लागला.

काकांनी तो विनातक्रार मान्य केला. ग्रंथालय, इंडियन स्टोअर, मंडळाचा हॉल, सगळं पाच मैलांत बसत होतं. ‘मर्यादा दिसायला कडक आहे,’ मला म्हणाले, ‘पण अजून तिला आपण टेकलेलो नाही. टेकेपर्यंत कुठलीच मर्यादा टोचत नाही.’

टोचायची वेळ नोव्हेंबरात आली. नलूकाकू अंगणातली पानं गोळा करताना घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. पण पुढचे आठ-दहा आठवडे त्यांना चालण्याच्या सरावासाठी रिहॅबमध्ये ठेवायचं ठरलं, आणि जागा मिळाली ती गावाकडेच्या मोठ्या तळ्यापलीकडच्या एका केंद्रात. घरापासून नऊ मैल.

काकूंना तिथलं जेवण घशाखाली उतरेना. तिथले लोक चांगले होते, पण बिनमिठाचा कुस्करलेला बटाटा चांगुलपणानं गोड लागत नाही. मग काका सकाळी उठून मऊ खिचडी करायचे, लिंबाचं लोणचं कागदात बांधायचे आणि डबा घेऊन तयार व्हायचे. जन्मात चहापलीकडे काही न केलेला माणूस! पहिली खिचडी मी चाखली होती. ती उचलायला डाव लागला नाही, एका तुकड्यात निघाली.

आता डबा पोहोचणार कसा? मुलांनी फोनवरून भाड्याची गाडी मागवायची सोय करून दिली. दोनदा काका तशा गाडीनं गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरला तीन सिग्नलांवर तो चुकीच्या लेनमध्ये असल्याचं सांगितलं आणि पुढे बोलणं कर्जमर्यादेवर आणलं. त्यानं ॲपवर काकांना कमी गुण दिले असावेत, कारण परतीच्या गाडीनं बुकिंग घेऊन कॅन्सल केलं, त्याच्या पुढच्यानंही केलं. मी आठवड्यातून दोन दिवस सोडायचे. पण उरलेल्या दिवशी माझं ऑफिस, मंदार प्रवासात, आणि काका डबा मांडीवर घेऊन खिडकीत बसलेले दिसायचे. मला लॅपटॉपसमोर बसवत नसे.

एका दुपारी पाऊस पडत असताना त्यांनी दार वाजवलं. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद.

‘समिती विधेयक दाबून बसली असेल तर,’ ते पायपुसण्यावर उभे राहूनच म्हणाले, ‘निम्म्याहून अधिक सभासदांच्या सह्या गोळा करून ते थेट सभागृहापुढे आणता येतं. समिती म्हणजे निखिल. मी गल्लीतल्या सात घरांना सभासद धरलंय. चार सह्या लागतात. तीन झाल्यात.’

कागदावर लिहिलं होतं: श्री. टिपणीस यांची मर्यादा पाचवरून दहा मैल करावी. चौथी जागा रिकामी होती.

मी पेन हातात घेतलं. आणि मला तो चौक आठवला. महिन्यापूर्वी मी त्यांच्या मागे गाडीत होते. सिग्नल हिरवा झाला, काका हलले नाहीत. पिवळा झाला, लाल झाला, तरी हलले नाहीत. मी उतरून धावत गेले, तर खिडकी खाली करून म्हणाले, ‘हिरवा दोन सेकंदांनी कमी केलाय गं यांनी. मोजत होतो.’ आणि डावीकडून ट्रक गेला तो त्यांना दिसला नव्हता, हे मला त्यांच्या दचकण्यावरून कळलं होतं.

मी सही केली नाही. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

‘ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘सभासदानं विचार करूनच मत द्यावं.’ कागद पुन्हा पिशवीत गेला. ‘मग व्हिडिओ कॉल तरी जोडून दे. सभागृहातच बघू.’

अशी मी रविवारच्या सभेची कारकून झाले. पडद्यावर एका चौकटीत निखिल, त्याच्याकडे सकाळचे सात, केस विस्कटलेले. दुसऱ्या चौकटीत रुचा. तिसऱ्या चौकटीत रिहॅबच्या पलंगावर नलूकाकू. त्यांच्या नर्सनं टॅब्लेट बहुधा पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, कारण आम्हाला त्यांचं कपाळ आणि छतच दिसत होतं.

काका उभे राहून बोलले. ‘पर्याय पहिला. सरळ वाढ. पाचाचे दहा.’

‘नो,’ निखिल म्हणाला. ‘आज दहा, उद्या पंधरा.’

‘पर्याय दुसरा. आकडा बदलायचा नाही. मर्यादा फक्त झोपवायची. नलू घरी आली की पुन्हा जागी.’

निखिलनं डोळे चोळले. ‘वेट. जागी झाली की कुठल्या आकड्यावर जागी होणार?’

काका जरा घुटमळले. ‘तोपर्यंत जिथे पोहोचली असेल तिथे. संसदेत तशीच पद्धत आहे.’

‘बाबा!’

‘बरं, मग तिसरा. खजिन्यानं एक प्रचंड किमतीचं नाणं पाडावं आणि मर्यादेला हातच न लावता मोकळं व्हावं, असं काही विद्वान म्हणतात. मी नाणं पाडू शकत नाही. पण कागदावर पाच मैल लिहिलंय, कसे मोजायचे ते लिहिलेलं नाही. मी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजलं. ते केंद्र चार पूर्णांक आठ मैलांवर आहे.’

‘यू आर गोइंग टू फ्लाय ओव्हर द लेक?’ निखिल म्हणाला, आणि रुचा हसली. मीही हसले. काका हसले नाहीत.

‘निखिल, हे सगळं मी गमतीनं करतोय असं तुला वाटतं ना?’ त्यांचा आवाज एकदम खाली आला. ‘मी तुला नवीन काहीही मागत नाही. मला फिरायला जायचं नाही, कॅसिनोत जायचं नाही. एकावन्न वर्षांपूर्वी मी एका बाईला शब्द दिला. आजारपणात साथ देईन म्हणून दिला. खर्च तेव्हा मंजूर झालाय. एकावन्न वर्षं तिनं माझ्या पानात गरम पोळी वाढली. आता बिल माझ्याकडे आलंय, आणि तुम्ही मला सांगता, मर्यादा संपली, देता येणार नाही. मी आयुष्यभर टीव्हीसमोर बसून ज्या लोकांवर ओरडलो, त्यांच्यासारखं मला वागायला लावू नका.’

रुचानं कॅमेरा बंद केला. ती रडत होती, आवाज येत होता. निखिलनं विस्कटलेल्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाला, ‘ओके. दहा मैल. फक्त रिहॅब. फक्त दुपारी. आई घरी येईपर्यंत.’

‘मीसुद्धा येस,’ रुचाचा आवाज आला.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच जिंकले होते. आणि तेवढ्यात कपाळ बोललं.

‘मला कुणी विचारणार आहे का?’

‘अगं, तूच तर वरिष्ठ सभागृह,’ काका लगबगीनं म्हणाले. ‘तुझी संमती गृहीतच—’

‘गृहीत धरू नका. माझं मत नाही असं आहे.’ काकूंनी टॅब्लेट हातात घेतला असावा, कारण आता त्यांचा सबंध चेहरा दिसला. बारीक झाल्या होत्या. ‘डावीकडचं तुम्हाला मी सांगते. अहो, सायकलवाला. अहो, ट्रक. चार वर्षं मी सांगतेय आणि तुम्हाला वाटतंय तुम्हाला दिसतं. मी इथे पडलेय. तुमच्या शेजारी बसून कोण सांगणार?’

उभे असलेले काका खुर्चीत बसले. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

‘आणि ते बिल की काय म्हणालात,’ काकू म्हणाल्या, ‘ते मी माफ केलं. बटाटा खाईन मी. तुम्ही धडधाकट राहा म्हणजे झालं.’

‘माफ करायचा अधिकार,’ काका म्हणाले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. ‘माफ करायचा अधिकार वरिष्ठ सभागृहाला नाही, नलू.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘लिहून घे. विधेयक नामंजूर.’

मला वाटलं, आता हा माणूस खिडकीत बसून राहणार. पण सोमवारी अकरा वाजता काका नारिंगी जाकीट घालून, डबा काखेत मारून गाडीत बसले. मी धावत बाहेर गेले.

‘घाबरू नकोस. मर्यादेतच आहे,’ ते म्हणाले. ‘तळ्याच्या अलीकडे दुकानांचं आवार आहे ना, तिथपर्यंत घरापासून साडेचार मैल. सगळा रस्ता सिग्नलांचा आणि उजव्या वळणांचा शोधलाय, रहदारी कापत डावीकडे वळायचं कामच नाही. तिथे गाडी लावायची. तिथून पुलावरून पलीकडे बस जाते. ती रिहॅबच्या दारात थांबते. बत्तीस वर्षं या रस्त्यांवर काम केलं आणि बसचं वेळापत्रक आयुष्यात पहिल्यांदा वाचलं बघ.’

मी त्या दिवशी मागोमाग गाडी काढली, हे त्यांना कधी सांगितलं नाही. उजवं वळण, पुन्हा उजवं वळण, करत करत साडेचार मैलांना त्यांना पंचवीस मिनिटं लागली. मग ते बसथांब्यावर उभे राहिले. डबा जाकिटाच्या आत, छातीशी. बस आली तेव्हा ड्रायव्हरनं त्यांना रस्त्याचा कामगार समजून हात केला आणि काकांनीही त्याला अगदी खात्याच्या रुबाबात हात केला. पुढचे सात आठवडे, बर्फ पडलं तरी, एका वादळाचे दोन दिवस सोडले तर, खिचडी रोज तळं ओलांडून गेली. शेवटी शेवटी ती खिचडीसारखी दिसायलाही लागली होती, असं काकू सांगतात.

काका त्यानंतरच्या मे महिन्यात गेले, झोपेत. काकू आता बेलव्ह्यूला निखिलकडे असतात. मला मात्र काका आठवतात ते काकूंना घरी आणलं त्या दिवशीचे. त्या सकाळी ते नेहमीप्रमाणे तळ्यापर्यंत स्वतःच्या गाडीनं आणि पुढे बसनं आले होते. मी माझी गाडी घेऊन रिहॅबच्या दाराशी गेले. काकूंना मी पुढच्या सीटवर नीट बसवलं, काका मागे बसले. पूल ओलांडल्यावर दुकानांच्या आवारात काका म्हणाले, ‘मला इथे सोड, गाडी न्यायला हवी. तुम्ही व्हा पुढे.’

ते उतरले. काकूंनी आपला पट्टा सोडला.

‘काकू, अहो, काय करताय?’

‘इथून पुढे पाच मैलांच्या आतलं आहे ना?’ त्या म्हणाल्या. ‘मग मी त्यांच्याबरोबर जाते. मला तेवढा वॉकर काढून दे.’

वीस पावलं चालायला त्यांना पाच मिनिटं लागली. काकांनी दार उघडून धरलं होतं आणि तोंडातून शब्द काढत नव्हते, हे त्यांच्या बाबतीत मी एकदाच पाहिलं. मग गाडी निघाली. या वेळी ते उजव्या वळणांच्या रस्त्यानं गेले नाहीत, सरळ मोठ्या रस्त्याला लागले. मी मागे होते. पहिल्याच चौकात त्यांच्या मागच्या काचेतून काकूंचा हात डावीकडे गेलेला दिसला, आणि गाडी थांबली. डावीकडून एक सायकलवाला गेला. मग गाडी पुन्हा चालू लागली.

माझ्यामागे सात-आठ गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी हॉर्न दिला. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांब म्हटलं, आणि वीसच्या वेगानं घरापर्यंत त्या दोघांच्या मागे गेले.